नाव आपले, मग कागद परका का?

२०२३ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारची वंदना आटोपली, सतरंज्या गुंडाळून झाल्या आणि आम्ही विहाराच्या पडवीत नेहमीप्रमाणे टेबल मांडले. दर रविवारी अकरा ते एक आम्ही तिथे बसतो. कुणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज असतो, कुणाचा उत्पन्नाचा दाखला, कुणाला रेशनकार्डात सुनेचे नाव चढवायचे असते. आठवडाभर पोटासाठी कारकुनी करायची आणि रविवारी तीच समाजाच्या कामी लावायची, असा आमचा वीस वर्षांचा शिरस्ता आहे.

त्या दिवशी एक गृहस्थ सगळी माणसे पांगेपर्यंत भिंतीला टेकून उभे होते. वस्तीतलेच, कारखान्यातून निवृत्त झालेले. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी एकेक कागद काढून टेबलावर ठेवला. शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचे गुणपत्रक, बी. कॉम.चे प्रमाणपत्र, जातीचा दाखला, आधारकार्ड. सगळ्यांवर एकच नाव, त्यांच्या मुलाचे. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून पासपोर्ट आकाराचा एक फोटो काढला आणि त्या कागदांवर ठेवला. फोटोत पंजाबी ड्रेस घातलेली, वेणी पुढे घेतलेली एक तरुणी होती.

“हे कागद हिचे आहेत,” ते म्हणाले.

‘हिचे’ हा शब्द उच्चारायला त्या बापाला चार वर्षे लागली होती, हे आम्हाला पुढे कळले. मुलगा म्हणून वाढवलेले ते लेकरू लहानपणापासून स्वतःला मुलगीच समजत होते. घरात भांडणे झाली, मारझोड झाली, दोन वर्षे लेक घराबाहेर राहिली. शेवटी आईच तिला शोधून घरी घेऊन आली. घराने तिला तिच्या नव्या नावाने हाक मारायला सुरुवात केली. पण घराबाहेर पाऊल टाकले की कागद आडवे येत. हिशेबाच्या कामाला तीन ठिकाणी निवड झाली आणि तिन्ही ठिकाणी प्रमाणपत्रे दाखवायच्या दिवशी गाडी अडली. “हे कुणाचे कागद आणलेत?” असे विचारून एका ठिकाणी तर तिला दारावरच्या रखवालदाराच्या हवाली केले गेले.

आम्हाला वाटले, गृहस्थ विचारतील, लोक काय म्हणतील? त्यांनी वेगळेच विचारले. “दादा, हिचं नाव बदललं, तर जातीचा दाखला जाईल का?”

वाचक बंधु-भगिनींनो, या एका प्रश्नासाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला. वरवर पाहिले तर हा एका घरापुरता प्रश्न आहे. परंतु कागदावरच्या एका शब्दाची किंमत काय असते, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक आहे?

एका शब्दाची किंमत

पुण्याच्या अंगणात कोरेगाव भीमा आहे. दर १ जानेवारीला आपण तिथे जातो. त्या स्तंभावर कोरलेल्या नावांत शेवटी ‘नाक’ असलेली नावे आपण बोट ठेवून पोरांना दाखवतो. ती आपल्या पूर्वजांची नावे. त्यानंतरच्या पिढ्यांत धोंडू आले, कचरू आले, दगडू आले. कुणी नवसापोटी ठेवली असतील, कुणी दृष्ट लागू नये म्हणून. पण शाळेच्या हजेरीपटात ती चढली आणि जन्मभर चिकटली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर आपल्या घराघरांत सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता, संघमित्रा जन्माला आले. आपल्याला काय म्हणून हाक मारायची, हे आपण ठरवायचे, एवढी साधी गोष्ट होती. पण तिने माणसाची मान ताठ झाली.

खुद्द बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. घराण्याचे मूळ आडनाव सकपाळ. गाव आंबडवे, म्हणून आंबडवेकर. आणि साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी रजिस्टरला नाव लागले ते भिवा रामजी आंबेडकर. हा दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. ज्या नावाने आज कोट्यवधी लोक जयजयकार करतात, ते असे शाळेच्या एका रकान्यात लागलेले नाव आहे. भिवाचे भीमरावही पुढेच झाले.

आता दुसरी बाजू. धर्म बदलला, पण रकान्याने आपल्याला सोडले नाही. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात आधी हिंदूंनाच स्थान होते, १९५६ मध्ये शीख आले. बौद्ध झालेल्या माणसाने ‘धर्म’ या रकान्यात खरे लिहिले, की केंद्र सरकारच्या सवलती संपल्या. राज्याने नवबौद्धांना आपल्या सवलती दिल्या, पण रेल्वे, पोस्ट, बँक इथे दार बंद होते. ते दार १९९० च्या दुरुस्तीने उघडले. मधली चौतीस वर्षे आपल्यातल्या किती जणांनी मनात बुद्ध आणि कागदावर हिंदू असे दुहेरी आयुष्य काढले, ते आपले वडील जाणतात. खरे सांगितले तर नोकरी जाते आणि नोकरी ठेवली तर खरे लपवावे लागते, हा पेच आपल्या समाजाने भोगलेला आहे.

त्या मुलीचा पेच याहून वेगळा आहे का? तिनेही मनात एक आणि कागदावर एक असेच जगावे काय?

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी

१५ एप्रिल २०१४. आदल्या दिवशीच्या जयंतीच्या मिरवणुकीने आपल्या वस्त्या अजून निळ्या होत्या, त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने एक मोठा निकाल दिला. खटला राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने केंद्र सरकारविरुद्ध दाखल केला होता. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी त्यात स्वतः तृतीयपंथी म्हणून बाजू मांडायला उभ्या राहिल्या होत्या. न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती ए. के. सिक्री यांनी सांगितले की, आपण स्त्री, पुरुष की तृतीयपंथी हे ठरवण्याचा अधिकार त्या त्या माणसाचा आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणे बेकायदेशीर आहे. आणि हा निकाल कशाच्या आधारावर? राज्यघटनेची कलमे १४, १५, १६, १९ आणि २१. समता, भेदभावाला बंदी, नोकरीतली समान संधी, व्यक्त होण्याचे स्वातंत्र्य आणि सन्मानाने जगण्याचा हक्क. ज्या कलमांवर आपण उभे आहोत, त्याच कलमांवर ही माणसे उभी राहिली.

२०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुषांशिवाय ‘इतर’ असा पर्याय होता. देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ माणसे त्या रकान्यात मोजली गेली. घरच्यांच्या भीतीने ज्यांनी तिथे खूण केली नाही, ते या आकड्यात नाहीत.

पुढे २०१९ मध्ये संसदेने तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचे संरक्षण करणारा कायदा केला. तो १० जानेवारी २०२० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नियम आले. त्या नियमांनी वाट अशी घालून दिली. जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, सोबत आपल्या ओळखीविषयी प्रतिज्ञापत्र द्यायचे, वैद्यकीय तपासणीची अट नाही, आणि तीस दिवसांत ओळख प्रमाणपत्र. नोव्हेंबर २०२० पासून हा अर्ज केंद्राच्या पोर्टलवरून घरबसल्या करता येऊ लागला. ते प्रमाणपत्र हाती आले, की इतर कार्यालयांनी अर्ज आल्यापासून पंधरा दिवसांत नाव, फोटो आणि लिंगाची नोंद बदलून द्यायची, असेही त्याच नियमांत होते.

आमच्या रविवारच्या टेबलावर जी मुलगी आली, तिचा अर्ज याच वाटेने गेला. प्रमाणपत्र आले. त्यावर ‘ट्रान्सजेंडर’ असा शब्द होता. ती काही वेळ कागदाकडे बघत राहिली. म्हणाली, “काका, मी मुलगी आहे. इथं मुलगी का नाही लिहिलं?”

याचे उत्तर देताना आम्हाला अवघड गेले. २०१९ च्या कायद्यात ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ अशी नोंद हवी असेल तर शस्त्रक्रिया करून रुग्णालयाचे प्रमाणपत्र जोडायचे आणि सुधारित प्रमाणपत्र घ्यायचे, अशी दुसरी पायरी होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये जी अट नको म्हटली होती, ती पाच वर्षांनी मागच्या दाराने आत आली, अशी टीका तेव्हाच अनेक तृतीयपंथी कार्यकर्त्यांनी केली आणि ती आम्हाला पटते. शस्त्रक्रिया हा शरीराचा, पैशाचा आणि जिवाचा प्रश्न आहे. एका रकान्यासाठी ती कुणी कुणावर लादू नये. तिने तूर्त पहिल्या प्रमाणपत्रावर नोकरी शोधायची ठरवले. निर्णय तिचा आहे.

या विषयावरचा कायदा हलता आहे, हे मात्र ध्यानात ठेवा. वर सांगितले ते त्या वेळचे. आज ज्याला अर्ज करायचा आहे, त्याने आजच्या तारखेला कोणते कलम आणि कोणता नमुना लागू आहे, हे जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा विधी सेवा प्राधिकरणात विचारूनच पुढे जावे. कुणाचा तरी जुना अर्ज पाहून नक्कल करू नये.

रकान्याशी झालेल्या तीन लढाया

ही माणसे दूरदेशीची नाहीत, आपल्याच महाराष्ट्रातली आहेत. बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातील ललित साळवे हे २०१० मध्ये महिला शिपाई म्हणून पोलिसांत भरती झाले. तेव्हा नाव ललिता. पुढे वैद्यकीय तपासण्यांत शरीराचा वेगळेपणा स्पष्ट झाला. २०१७ मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली आणि शस्त्रक्रियेनंतर पुरुष शिपाई म्हणून नोकरीत राहू देण्याची विनंती केली. सुरुवातीला नकार मिळाला. ते उच्च न्यायालयात गेले, तिथून प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जायला सांगितले गेले. अखेर सरकारने परवानगी दिली, मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि ललित साळवे वर्दी चढवून पुन्हा कामावर हजर झाले. २०२० मध्ये त्यांचे लग्नही झाले. सेवापुस्तकातल्या एका नोंदीसाठी एका शिपायाने केवढी पायपीट केली पाहा.

दुसरे उदाहरण जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक गावचे. अंजली पाटील या तृतीयपंथी महिलेने ग्रामपंचायतीला स्त्रियांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला. तो बाद झाला. त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. २ जानेवारी २०२१ रोजी न्यायालयाने सांगितले की त्या स्वतःला स्त्री मानतात, तर त्यांना स्त्री म्हणून निवडणूक लढवू द्या. त्या लढल्या आणि निवडूनही आल्या. न्यायालयाने दार उघडले, पण आत घेतले ते गावाने. गावकऱ्यांनी मतपेटीतून दिलेले हे प्रमाणपत्र आम्हाला फार मोलाचे वाटते.

तिसरी लढाई २०२२ ची. पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जात दोनच पर्याय होते, स्त्री आणि पुरुष. दोहोंपैकी एकावर खूण केल्याशिवाय अर्ज पुढे सरकतच नव्हता. आर्या पुजारी आणि त्यांच्यासारख्या आणखी उमेदवार न्यायाधिकरणात गेल्या. न्यायाधिकरणाने तिसरा पर्याय ठेवायला सांगितले. सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने कान उपटल्यावर डिसेंबर २०२२ मध्ये तिसरा रकाना ठेवण्याचे कबूल केले. शारीरिक चाचणीचे नियम फेब्रुवारी २०२३ पर्यंत करायचे ठरले. धावण्यात, उडी मारण्यात कमी पडले असते तर गोष्ट वेगळी. इथे तर मैदानापर्यंत पोचूच दिले जात नव्हते.

जुने कागद फाडू नका

आता त्या बापाच्या प्रश्नाकडे येऊ. नाव बदलले किंवा लिंगाची नोंद बदलली, म्हणून जात जात नाही. जातीचा दाखला जन्मावर आणि वडिलांकडच्या वंशावळीवर मिळतो, आणि ती वंशावळ नावाबरोबर पुसली जात नाही. २०२० च्या नियमांसोबत जोडलेल्या कागदांच्या यादीत तर जन्मदाखला, शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रे, मतदार ओळखपत्र, आधार, पॅन, पासपोर्ट यांच्याबरोबर जातीच्या दाखल्याचेही नाव होते. म्हणजे दाखला नव्या नावाने करून घेता येतो, तो हातचा जात नाही.

मात्र एक दुवा अखंड राहिला पाहिजे. जुन्या नावाचा माणूस तो आणि नव्या नावाचा माणूस तोच, हे दाखवणारा कागद. त्या मुलीने आम्हाला सांगितले, “मला ती जुनी गुणपत्रकं जाळून टाकावीशी वाटतात. ते नाव वाचलं की पोटात गोळा येतो.” आम्ही तिला आमच्या घरच्या पत्र्याच्या पेटीची हकीकत सांगितली. त्या पेटीत आमच्या आजोबांचा शाळेचा दाखला आहे. त्यावर जातीच्या रकान्यात एक शब्द आहे आणि तो ज्या अर्थाने मास्तरांनी लिहिला तो अर्थ आम्हाला ठाऊक आहे. आम्ही तो दाखला फाडला नाही. कारण अनुसूचित जातीच्या पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात आणि आमच्या तिन्ही मुलांची पडताळणी त्याच कागदावर झाली. ज्या शब्दाने आजोबांना पाण्यापासून दूर ठेवले, त्याच शब्दाच्या पुराव्यावर नात इंजिनिअर झाली. नाव नको असेल तर बदलावे, पण पुरावा जपावा. मुलगी काही बोलली नाही. पुढच्या रविवारी तिने सगळे जुने कागद प्लॅस्टिकच्या कव्हरात लावून आणले होते.

आता नाव बदलण्याचा क्रम सांगतो. तो केवळ तृतीयपंथीयांसाठी नाही. लग्नानंतर किंवा नवऱ्यापासून वेगळे झाल्यावर नाव बदलणाऱ्या भगिनींना, जुने आडनाव टाकणाऱ्या बांधवांना, दाखल्यात चुकलेले नाव सुधारू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना, सगळ्यांना तो उपयोगी आहे.

पहिले काम म्हणजे प्रतिज्ञापत्र. त्यात जुने नाव, नवे नाव, बदलाचे कारण आणि पत्ता लिहायचा. नव्या नावाचे मराठी आणि इंग्रजी अक्षर न् अक्षर आधी घरी बसून ठरवा. ‘एस’ एक की दोन, ‘ए’ शेवटी आहे की नाही, यावर पुढची दहा कामे अडतात. बाहेर झाडाखाली बसलेला एजंट सांगेल त्या किमतीचा मुद्रांक डोळे झाकून घेऊ नका. या कामाला किती लागतो आणि कशाला माफ आहे, ते आत खिडकीवर विचारा.

दुसरे काम राजपत्राचे. महाराष्ट्र शासनाचे मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालय हे राजपत्र काढते. नावातला बदल, जन्मतारखेतला बदल आणि धर्मातला बदल, अशा तीन प्रकारच्या जाहिराती त्यात छापल्या जातात. अर्ज ऑनलाइन होतो. फीमध्ये मागासवर्गीयांना सवलत आहे का, हे विचारून दाखला जोडा. राजपत्रातल्या टिपेत लिहिलेले असते की, मजकूर अर्जदाराच्या सांगण्यावरून छापला आहे, त्याच्या सत्यतेची जबाबदारी शासनावर नाही. म्हणूनच एखादी बँक राजपत्राबरोबर प्रतिज्ञापत्रही मागते. त्यावर रागावू नका, दोन्ही जवळ ठेवा. राजपत्राची प्रत आली की तिच्या दहा प्रती काढून साक्षांकित करा आणि मूळ प्रत पेटीत टाका.

तिसरे काम आधारचे, आणि इथे घाई नडते. आधारमध्ये नाव दोनदाच आणि लिंगाची नोंद एकदाच बदलता येते, अशी मर्यादा आधार प्राधिकरणाने २०१९ मध्ये घातली. म्हणून राजपत्र हातात येण्याआधी, अर्धवट स्पेलिंग घेऊन आधार केंद्रावर धावू नका. आधार झाले की पॅन, मग बँक, रेशनकार्ड आणि भविष्य निर्वाह निधी. मतदार यादीसाठी नमुना ८ भरायचा. नोकरीत असाल तर आस्थापना शाखेत अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या आणि सेवापुस्तकात नोंद झाल्याची सही डोळ्यांनी बघा. निवृत्तीच्या दिवशी ही नोंद नाही म्हणून पेन्शन अडलेली आम्ही पाहिली आहे.

सर्वांत चिवट काम शाळा-कॉलेजचे. शाळा सुटल्यावर दाखल्यातली नोंद बदलायला मुख्याध्यापक सहसा तयार होत नाहीत, बोर्डाकडे बोट दाखवतात. तिथे तोंडी बोलण्यात वेळ घालवू नका. लेखी अर्ज द्या आणि नकारही लेखीच मागा. नकाराचा कागद हातात असला म्हणजे पुढची पायरी चढता येते. ती पायरी म्हणजे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. पुण्यात ते शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, तिथे फुकट वकील मिळतो. आपल्यातल्या किती जणांना हे माहीत आहे? आणि तृतीयपंथीयांच्या योजना राज्यात कोणत्या खात्याकडे आहेत? सामाजिक न्याय खात्याकडे. आपल्या पोरांची शिष्यवृत्ती ज्या खात्यातून येते, तेच खाते. तेव्हा समाजकल्याण कार्यालयाची पायरी आपल्याला नवीन नाही.

आमची एक चूक

हे सगळे शहाणपण आम्ही आज सांगतो आहोत, पण एक गोष्ट कबूल केल्याशिवाय लेखणी पुढे जात नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी याच टेबलावर एक पोरगा आला होता. अठरा-एकोणीस वर्षांचा, कपाळावर पुसलेल्या टिकलीची खूण. त्याने हळू आवाजात विचारले होते, “काका, नाव बदलायला काय लागतं?” आम्ही कागदावरून मान वर करून त्याला पाहिले आणि म्हणालो, “आधी नीट वागायला शीक, आईबापाला त्रास देऊ नकोस.” टेबलाभोवतीची माणसे हसली. आम्हीही हसलो. तो गेला, तो पुन्हा विहारात दिसला नाही. पुढे तो वस्तीतूनच गेला. कुणी म्हणतात मुंबईला आहे, कुणी आणखी काही म्हणतात. त्याला काय नाव हवे होते, हे आम्ही विचारलेदेखील नाही.

ज्याला पाणवठ्यावरून हाकलले त्याच्या वंशजाने दुसऱ्याला टेबलावरून हाकलावे, याचा हिशेब आम्हाला अजून लावता आलेला नाही.

घरातून बाहेर पडलेली ही लेकरे कुठे जातात, ते पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. सिग्नलला टाळी वाजवणारा हात कुणाच्या तरी घरचा असतो. त्याच्या पिशवीत कदाचित बारावीचे गुणपत्रक असते. २०१९ च्या कायद्याने तृतीयपंथी व्यक्तीला घरातून किंवा गावातून बाहेर काढणे हा शिक्षेचा गुन्हा ठरवला. पण आईबापाला पोलीस चौकीत उभे करून कोणते लेकरू सुखी झाले आहे? घराने दार लावलेच नाही, तर कलम लावायची वेळ येणार नाही.

काही उपासक-उपासिका आम्हाला विचारतात, समाजापुढे आधीच इतके प्रश्न असताना हा आणखी एक कशाला? त्यांना आमचे सांगणे एवढेच की हा प्रश्न बाहेरून आलेला नाही. तो आपल्याच चाळीत, आपल्याच खोलीत, पडद्यामागच्या कॉटवर बसलेला आहे. त्याचे शिक्षण आपण पोटाला चिमटा घेऊन केले. ते शिक्षण एका रकान्यासाठी वाया जाऊ द्यायचे काय?

पावतीवरचे नाव

त्या मुलीचे राजपत्र २०२४ च्या सुरुवातीला आले. जातीच्या दाखल्याला वेळ लागला. दोनदा कागद परत आले, तिसऱ्यांदा काम झाले. बी. कॉम.च्या प्रमाणपत्राचे मात्र अजून चालू आहे. विद्यापीठाच्या चकरा बाप मारतो आहे, दर खेपेला आवक क्रमांक घेऊन येतो आणि आम्हाला दाखवतो. ती सध्या एका ओळखीच्या हिशेबनिसाकडे काम करते. पगार बेताचा आहे. पण दारावर तिला कुणी अडवत नाही.

त्या वर्षीच्या जयंतीची वर्गणी गोळा करायला आम्ही पावतीपुस्तक घेऊन त्यांच्या खोलीवर गेलो होतो. वडील घरी नव्हते. वहिनींनी डब्यातून पाचशेची नोट काढून दिली. आम्ही सवयीने वडिलांचे नाव लिहू लागलो, तेव्हा त्या म्हणाल्या, “थांबा भाऊ. हे पैसे लेकीच्या पगारातले आहेत. पावती तिच्या नावानं फाडा.”

आम्ही नाव लिहिले. त्या नावाखाली आमची सही केली. मुलगी चहा घेऊन आली, तिने पावती वाचली आणि घडी करून आधारकार्डाच्या कव्हरात ठेवली.

पावतीवर नाव घालायला राजपत्र लागत नाही, की जिल्हाधिकाऱ्यांचा शिक्का. हजेरीच्या वहीत, वाचनालयाच्या कार्डावर, जयंती मंडळाच्या स्वयंसेवकांच्या यादीत, वधू-वरांच्या आहेराच्या वहीत माणसाला त्याच्या नावाने लिहायला आपल्याला कुणाची परवानगी नको. एवढे तरी आपण उद्यापासून करू शकतो. आणि ज्या विहारात दोन शिकलेली माणसे आहेत, त्यांनी रविवारी दोन तास एक टेबल मांडावे. कोण काय विचारायला येईल ते सांगता येत नाही. जो येईल त्याला आधी बसायला खुर्ची द्यावी आणि पहिला प्रश्न हाच विचारावा : तुमचे नाव काय लिहू?

जयभीम.